न्यूबरी स्ट्रीटवरचं वंशावळीचं वाचनालय : वर्गणी भरावी का?

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. बॉस्टनमध्ये न्यूबरी स्ट्रीटवर ९९-१०१ क्रमांकाच्या इमारतीत 'अमेरिकन अ‍ॅन्सेस्टर्स' ही संस्था आहे. जुनं नाव न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी, स्थापना १८४५. वंशावळीचं काम करणारी अमेरिकेतली ही सगळ्यांत जुनी संस्था. वैयक्तिक सभासदत्वाची वर्गणी वर्षाला शंभर डॉलरच्या आसपास. त्यात वाचनालयही आलं आणि घरबसल्या संकेतस्थळावर दिसणारे कागदही. तुमच्या जावयाचं किंवा सुनेचं घराणं मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, व्हर्माँट या पट्ट्यातलं असेल आणि शोध अठराव्या शतकाच्या अलीकडे-पलीकडे अडकला असेल, तर बेलाशक भरा. पणजोबा १९१० साली इटलीतून बोटीने आले असतील तर भरू नका. तेवढं काम फुकटात होतं.

मला यातलं काय कळतं, असं कोणी विचारेल. अमेरिकेचा इतिहास मी शाळेत शिकलो तेवढाच. पण तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि सातारा जिल्ह्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. उभी हयात फेरफार, वारसनोंदी आणि भावाभावांच्या तक्रारी वाचण्यात गेली. कोण कोणाचा मुलगा हे माणसं सांगतात त्यावर जायचं नसतं, कागद बघायचा असतो. आणि कागदातही ते पहिल्या पानावर सापडत नाही, हे मला विमानात बसायच्या आधीपासून ठाऊक होतं.

लेक मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरजवळ राहते. जावईबापूंचं घराणं तिथलंच, जुनं. व्याही गेल्यानंतर विहीणबाईंनी त्यांच्या घराण्याचा शोध सुरू केला होता आणि एका जागी त्यांचं घोडं पेंड खात होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात मी रिकामा. त्यांनी फाईल पुढे सरकवली. पहिल्याच पानावर कुटुंबातली कथा टाइप केलेली: इंग्लंडहून तीन भाऊ आले, एक मॅसॅच्युसेट्सला राहिला, दुसरा कनेक्टिकटला गेला, तिसऱ्याचा पत्ता लागला नाही. मला हसू आलं. आपल्याकडे निम्म्या घराण्यांचे तीन भाऊ कोकणातून घाटावर येतात आणि त्यातला एक हमखास बेपत्ता होतो. वूस्टरच्या ग्रंथपाल बाईंनी सांगितलं की तिथेही ही कथा घरोघरी असते आणि ती ऐकली की त्या फक्त मान हलवतात.

घोडं अडलं होतं ते असं. १८५० च्या जनगणनेपासून अलीकडे सगळं सुरळीत, कारण त्या साली पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं गेलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पुढे रकाने. १७९० च्या मोजणीत सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष इतके, सोळाखालचे इतके, गोऱ्या बायका सगळ्या मिळून इतक्या, इतर स्वतंत्र माणसं इतकी, गुलाम इतके. बायकांना वयाचा रकानासुद्धा नाही; तान्ही नात आणि नव्वदीची आजी एकाच आकड्यात. व्हर्माँट संघराज्यात आलं १७९१ साली, म्हणून तिथली मोजणी १७९० ची म्हणवली तरी झाली १७९१ मध्ये. त्या यादीत व्हर्माँटच्या एका डोंगरी गावात आमचा इसम सापडतो. बायको आहे, पोरंबाळं आहेत, जमीन आहे. बाप नाही. त्याचं नाव इथे देत नाही, विहीणबाईंना आवडणार नाही. पुढे त्याला व्हर्माँटवाला म्हणतो.

व्हर्माँटवाला क्रांतियुद्धात, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, पोरसवदा शिपाई होता. १८३२ च्या कायद्याने अशा म्हाताऱ्यांना पेन्शन मिळू लागली, आणि अर्ज करताना भर कोर्टात ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. जन्म कुठे, कोणत्या साली? वयाची काही नोंद आहे का, असल्यास कुठे? फौजेत गेलात तेव्हा कुठे राहत होता, त्यानंतर कुठे कुठे राहिलात, आता कुठे? आपल्या तहसीलच्या जबाबापेक्षा चांगले प्रश्न आहेत. हे अर्ज नॅशनल अर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. काही फाईलींत विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलाचं नोंदींचं पान फाडून जोडलेलं असतं. आमच्या फाईलीत तसलं काही नव्हतं. जन्म स्टर्ब्रिज, मॅसॅच्युसेट्स. वयाची नोंद वडिलांच्या बायबलात होती, ते भावाकडे राहिलं. युद्धानंतर व्हर्माँटला आलो. भावाचं नाव नाही, वडिलांचं नाही. ज्या कारकुनाने उतरवून घेतलं त्याला तेवढा एक प्रश्न सुचला असता तर माझा हिवाळा मोकळा गेला असता.

आता स्टर्ब्रिज. मॅसॅच्युसेट्सने १९०२ च्या कायद्याने गावोगावच्या १८५० पर्यंतच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी छापायला पैसे दिले. त्या खंडांची बांधणी मातकट रंगाची, म्हणून तिथले लोक त्यांना त्याच रंगाच्या नावाने ओळखतात. वाचनालयात ते ओळीने उभे आहेत, हात घातला की हाती येतात. पण आत जे आहे ते गावच्या कारकुनाकडे जितकं पोचलं तितकंच. बाप येऊन सांगेल तेव्हा नोंद, आणि बरेच बाप पाच-सहा पोरं झाल्यावर एकदाच येऊन सगळ्यांच्या तारखा सांगत. काही आलेच नाहीत. स्टर्ब्रिजच्या खंडात आमच्या नावाचा एकच मुलगा, वयही साधारण जुळणारं. आईबापांची नावं छापलेली.

इथेच लोक फसतात. एका बड्या वर्गणीवाल्या संकेतस्थळावर (नाव घेत नाही) विहीणबाईंनी आधी खातं काढलं होतं. तिथे आपण नाव टाकलं की बाजूला हिरवं पान फडफडतं: हा तुमचा पूर्वज असू शकेल. टिचकी मारली की बाप जोडला जातो, त्या बापाला आजोबा, आजोबाला पणजोबा, आणि चहा गार व्हायच्या आत तुम्ही इंग्लंडच्या कुठल्याशा सरदारापर्यंत पोचलेले. व्हर्माँटवाल्याला तिथे जिकडेतिकडे तोच छापील बाप चिकटवलेला होता. एकाने जोडला, बाकीच्यांनी उतरवून घेतला. पुरावा म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याचं झाड, म्हणजे वंशवृक्ष, दाखवलेलं. आमच्याकडे याला बादरायण संबंध म्हणतात. शिवाय वर्ष संपल्यावर न विचारता पुढच्या वर्षाचे पैसे कार्डावरून गेले, आणि रद्द करायचं पान शोधताना जावईबापूंची अर्धी संध्याकाळ गेली.

मी विहीणबाईंना एकच विचारलं, "या छापील पोराचं पुढे काय झालं?" ते कोणी बघितलंच नव्हतं. तो स्टर्ब्रिजलाच राहिला, तिथेच त्याचं लग्न झालं, आणि १८३२ च्या कितीतरी आधी वारला. त्याच्या मिळकतीची फाईल प्रोबेट कोर्टात, म्हणजे मयताच्या मिळकतीचं बघणाऱ्या कोर्टात, आहे. मेलेला माणूस पेन्शनचा अर्ज कसा करील? म्हणजे स्टर्ब्रिजमध्ये एकाच नावाचे दोघे होते, चुलतभाऊ असावेत, आणि आपला तो बिननोंदीचा.

वर्गणी वसूल होते ती इथून पुढे.

सभासदाला संकेतस्थळावर 'वूस्टर काउंटी प्रोबेट फाईल पेपर्स, १७३१ ते १८८१' नावाचा संग्रह दिसतो. १७३१ का, तर वूस्टर काउंटीच त्या साली झाली. त्याआधीचा मुलूख सफोक, मिडलसेक्स आणि हॅम्पशर या काउंट्यांत होता, आणि जुने कागद त्या त्या मूळ जागी राहिले. गाव हललं नाही, तालुका बदलला. हे आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 'फाईल पेपर्स' या दोन शब्दांकडे मात्र नीट बघा. कोर्टाची नोंदवही ही नक्कल असते, कारकुनाने सुबक अक्षरात उतरवलेली. फाईलीतले कागद मूळ: घड्या पडलेले, शाई फुटलेले, ज्याने त्याने स्वतः सही केलेले. महसूल खात्यात आम्ही नकलेवर काम करायचो, पण वाद लागला की मूळ दस्त मागवायचो. इथे तो मूळ दस्त स्क्रीनवर येतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ही फाईल मयताच्या नावाने लावलेली असते. वारसाचं नाव टाकून सापडेलच असं नाही. म्हणून त्या आडनावाच्या स्टर्ब्रिजमधल्या सगळ्या मयतांची यादी काढायची आणि एकेक उघडायची. कंटाळवाणं आहे. मला ते आवडलं.

क्रांतियुद्धाच्या सुमाराला वारलेल्या एका शेतकऱ्याची फाईल निघाली. मृत्युपत्र नाही. विधवेला कारभारी नेमल्याचा कागद, तिच्यामागे दोन जामीन. मग तीन पंचांनी केलेली मालमत्तेची यादी, आणि ही यादी म्हणजे आपला पंचनामाच: एक पिसांची गादी, पांघरुणं, कथलाची ताटं, सूत काढायचा चरखा, जुना माग, बैलांची जोडी, एक गाय 'म्हातारी' असा शेरा मारलेली, एक बंदूक, आणि 'जुनं मोठं बायबल, इतर जुनी पुस्तकं'. विहीणबाईंनी बायबलाच्या ओळीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, थांबा, बायबल घरोघर असतं, त्याने काही शाबीत होत नाही.

शाबीत झालं ते दोन कागद पुढे. तिथला कायदा असा की बाप मेला आणि मूल अज्ञान असलं तर कोर्ट पालनकर्ता नेमी. पण चौदा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचा पालनकर्ता स्वतः निवडता येई. आपल्या सातबारावर अज्ञान मुलाच्या नावापुढे 'अ. पा. क. आई', म्हणजे पालनकर्ती आई, असं लिहितात, तो प्रकार. या फाईलीत चिठ्ठीएवढा कागद आहे: मी, अमुक, वय चौदाच्या वर, वडील अमुक मयत, माझा पालनकर्ता म्हणून अमुक शेजाऱ्याला निवडतो. खाली सही, आणि नाव आमच्या व्हर्माँटवाल्याचं. आडनावातल्या मोठ्या अक्षराची शेपटी खाली उतरून डावीकडे वळते आणि पहिल्या नावाला येऊन टेकते. पेन्शनच्या जबाबाखालची सही शेजारी लावली. हात थरथरतोय, रेघ तुटक आहे, पण शेपटी तशीच डावीकडे वळून नावाला टेकलेली. सोळाच्या आतबाहेरचा पोरगा आणि सत्तरीचा म्हातारा.

सही जुळली म्हणून मी फेरफार मंजूर केला नसता. हस्ताक्षरावर भिस्त ठेवणारे वकील खूप पाहिलेत. दुसरा पुरावा हवा होता, आणि तो जमिनीचा.

त्यासाठी फॅमिलीसर्च. ही मॉर्मन पंथाची, म्हणजे सॉल्ट लेक सिटीच्या चर्चची सेवा, पूर्ण फुकट. १९३८ पासून त्यांनी जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म काढल्या, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यात आहेत. मॅसॅच्युसेट्सची १६२० पासूनची जमिनीची पुस्तकं तिथे पानोपान दिसतात. पूर्वी त्यात फक्त अनुक्रमणिकेने शिरता यायचं, लिहून देणाराची वेगळी, लिहून घेणाराची वेगळी. २०२४ पासून त्यांनी नवी सोय दिली: यंत्र हाताने लिहिलेली पानं वाचतं आणि मजकुरातला कुठलाही शब्द शोधता येतो. आडनाव, स्टर्ब्रिज आणि व्हर्माँट एवढं टाकलं. बरीच रद्दी आली, आणि त्यात वूस्टरच्या नोंदवहीतलं एक हक्कसोडपत्र. 'व्हर्माँट राज्यातील अमुक गावचा शेतकरी मी, माझे सन्माननीय वडील अमुक, राहणार स्टर्ब्रिज, मयत, यांच्या मिळकतीतला माझा सगळा हक्क माझ्या अमुक भावाला लिहून देत आहे.' खाली बायकोनेही विधवाहक्क, म्हणजे नवऱ्यामागे मिळायचा हिस्सा, सोडल्याची सही, आणि बायकोचं नाव तेच, व्हर्माँटच्या नोंदीतलं. बाप, भाऊ, दोन्ही गावं, बायको, सगळे एका पानात. जन्माची नोंद नसेना का, वारसाचा हिस्सा सुटत नाही. जमिनीचा तुकडा असला की कधी ना कधी कोणीतरी सही करायला येतोच.

विहीणबाई खुर्चीतून उठल्या आणि मला चक्क मिठी मारली. साताऱ्यात असं होत नाही. लेक हसत होती.

त्या पानावरची चतुःसीमा मी दोनदा वाचली. पांढऱ्या ओकच्या खूण केलेल्या झाडापासून उत्तरेस अमुक रॉड, दगडांच्या ढिगापर्यंत, तिथून अमक्याच्या हद्दीने. रॉड म्हणजे साडेसोळा फूट. आपली गुंठ्याची साखळी ३३ फुटांची, म्हणजे नेमके दोन रॉड. एक गुंठा म्हणजे चार चौरस रॉड, आणि एकरात तिकडे १६० तर इकडे ४०. एकाच इंग्रज मोजणीदाराची दोन पोरं आहेत ही. मी कागदावर शेताचा नकाशा काढला आणि तो बंद झाला, म्हणजे शेवटची रेघ पहिल्या झाडाशी येऊन मिळाली. हा आनंद सगळ्यांना कळेल अशी अपेक्षा नाही.

तारखांचा घोळ मात्र सगळ्यांनी समजून घ्यावा. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवं साल २५ मार्चला लागायचं. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा दोन सालांनी लिहितात. मेडफील्ड गाव मूळ रहिवाशांच्या सैन्याने जाळलं ते २१ फेब्रुवारी १६७५/७६. कोणी १६७५ लिहितो, कोणी १६७६, आणि झाडं जोडणारे दोन वेगळे प्रसंग समजतात. 'पहिला महिना' लिहिलेला असेल तर तो मार्च. त्यात १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. आमचं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. पण लग्नाआधी मूल झालं म्हणून एका पूर्वजाची बायको फाईलीत उगीच बदनाम झाली होती, ती सुटली.

पैशाचंही तसंच. एका आधीच्या पिढीत बापाच्या यादीत शेकडो पौंड आणि पाच-सात वर्षांनी मुलाच्या यादीत त्याच शेताची किंमत अगदीच थोडी. विहीणबाईंच्या टिपणात 'घराणं बुडालं' असं लिहिलेलं. बुडालं नव्हतं. १७५० मध्ये मॅसॅच्युसेट्सने जुनं कागदी चलन साडेसातास एक या दराने नव्या पौंडात बदललं, एवढंच.

मेडफील्डचं नाव आलं ते उगीच नाही. स्टर्ब्रिज वसवलं मेडफील्डच्या लोकांनी, आधी त्याला न्यू मेडफील्डच म्हणत. १७३८ साली ते रीतसर गाव झालं. मेडफील्ड फुटून निघालं डेडममधून, डेडम वसलं १६३६ च्या सुमारास. म्हणून एकदा व्हर्माँटवाल्याचा बाप हाती लागल्यावर वरच्या पिढ्या भराभर मिळाल्या. मेडफील्डचे १७९३ आधीचे कागद सफोकमध्ये, कारण नॉरफोक काउंटी झाली तीच त्या साली. हे आम्हाला न्यूबरी स्ट्रीटच्या वाचनखोलीत काउंटरवरच्या बाईंनी विचारायच्या आत सांगितलं. वाचनालयात जाऊन बसण्याचा खरा फायदा हा आहे. संकेतस्थळ असं काही स्वतःहून सांगत नाही.

तिथेच 'ग्रेट मायग्रेशन' प्रकल्पाचे खंड पाहिले. रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी १९८८ मध्ये हे काम संस्थेत सुरू केलं. १६२० ते १६४० या वीस वर्षांत इंग्लंडहून सुमारे २०,००० माणसं न्यू इंग्लंडला आली. त्यातल्या एकेका कुटुंबप्रमुखावर टिपण. माणूस पहिल्यांदा कुठल्या कागदात दिसतो, चर्चमध्ये कधी घेतला, जमीन किती मिळाली, कोणत्या गोष्टीला पुरावा आहे आणि कोणती जुन्या पुस्तकांत उगीच घुसली आहे, सगळं वेगवेगळं. बहुतेकांचं जहाज माहीत नाही, आणि तसं सरळ लिहिलेलं आहे. इतकी स्वच्छ वारसनोंद मी माझ्या नोकरीत केली असती तर वरून शेरे कमी आले असते.

विहीणबाईंची मनातली इच्छा होती की मेफ्लॉवर जहाजाने आलेला पूर्वज निघावा. १६२० च्या त्या जहाजावर १०२ प्रवासी, त्यातले निम्मे पहिल्या हिवाळ्यातच गेले. १८९७ पासून त्यांच्या वंशजांची संस्था आहे आणि ती पिढी दर पिढी कागद मागते. आमच्या घराण्यात मेफ्लॉवर नाही. फाईलीतली एक जुनी टाइप केलेली वंशावळ मात्र सांगत होती की आहे, आणि वर ढालतलवारीचं चिन्हही होतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव आंजू नावाचा इसम श्रीमंत घराण्यांना बनावट वंशावळी विकत असे. त्याची कामं अजून कपाटांतून सापडतात. आमची त्याचीच असं म्हणत नाही. पण ज्या वंशावळीत एकही अडचण येत नाही ती मी बाजूला ठेवतो.

दोन पानांवर आम्ही दोघं थांबलो. एका शेजाऱ्याच्या यादीत, बैलगाडी आणि घड्याळ यांच्या मधल्या ओळीत, एक काळा माणूस किमतीसह लिहिलेला होता. पहिलं नाव फक्त. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी नव्हतीच, असा विहीणबाईंचा समज होता. १७९० च्या मोजणीत तिथे गुलामांचा आकडा शून्य आहे हे खरं, पण ती गुलामगिरी मोडीत काढणाऱ्या १७८३ च्या कोर्टाच्या निकालानंतरची गोष्ट. संस्थेने २०२३ मध्ये 'टेन मिलियन नेम्स' प्रकल्प सुरू केला आहे, गुलाम केलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांची नावं गोळा करायचा. विहीणबाईंनी ते पान त्यांना कळवायचं ठरवलं. दुसरं पान मेडफील्ड भागातल्या जमिनीचं. ती जमीन आधी कोणाची, हा प्रश्न मी विचारला, कारण आम्ही नेहमी मूळ कब्जेदार विचारतो. त्यावर कौटुंबिक फाईलीत काही नव्हतं.

बायकांचं काय? तिथेही आपल्यासारखंच, आणि थोडं वाईट. विधवेला एक तृतीयांश मिळकत मिळायची, आणि वाटणीचा कागद इतका बारीक असतो की घर डोळ्यांपुढे उभं राहतं: पूर्वेकडची खोली, तळघराचा तिसरा हिस्सा, भट्टीत पाव भाजायचा हक्क, स्वयंपाकघराच्या दारातून विहिरीपर्यंत ये-जा. तिचं माहेर कुठलं, हे मात्र नाही. सतराव्या शतकातल्या जोडप्यांसाठी क्लॅरन्स टॉरी यांनी आयुष्यभर खपून केलेली १७०० पूर्वीच्या लग्नांची यादी आहे. २०११ मध्ये ती संदर्भांसह तीन खंडांत आली. मेडफील्डच्या आमच्या मूळ बाईंपुढे तिथे आडनावाच्या जागी नुसती रेघ आहे. आणखी एक: जुन्या कागदात 'मदर-इन-लॉ' म्हणजे सावत्र आईही असते आणि 'कझिन' म्हणजे पुतण्याही. 'ज्युनिअर' म्हणजे मुलगाच असं नाही, गावात त्याच नावाचा कोणी थोरला आहे एवढंच.

डीएनए चाचणी जावईबापूंनी करून ठेवली होती. सात-आठ पिढ्या वर तिचा आम्हाला फारसा उपयोग झाला नाही.

तेव्हा व्यवहाराचं. आधी फॅमिलीसर्च, फुकट आहे तोवर ते पिळून घ्या. तिथली काही चित्रं फक्त त्यांच्या केंद्रातून किंवा संलग्न सार्वजनिक वाचनालयातून उघडतात, ते आधी बघून ठेवा. मग पेन्शनच्या फाईली. मग, आणि तरच, न्यूबरी स्ट्रीटची वर्गणी, प्रोबेट फाईलींसाठी. केप कॉडचं घराणं असेल तर एक सूचना: तिथल्या बार्नस्टेबल काउंटीची जमिनीची पुस्तकं १८२७ च्या आगीत गेली, प्रोबेट वाचलं. व्हर्माँटमध्ये जमिनीचे कागद काउंटीकडे नसून गावच्या कारकुनाकडे असतात. बॉस्टनला जाताना गाडी नेऊ नका, पार्किंगमध्ये वर्गणीएवढे पैसे जातील. ग्रीन लाइनने कॉपली किंवा आर्लिंग्टनला उतरा, चालत पाच-सात मिनिटं. वाचनालयाच्या वेळा आधी तपासा. शाईचं पेन घरी ठेवा, पेन्सिल न्या.

आणि भारतात परत आल्यावर सभासदत्वाचा उपयोग आहे का? आहे. वूस्टर आणि सफोकच्या फाईली साताऱ्यातूनही उघडतात. सध्या मी सफोकच्या चाळतोय आणि विहीणबाई डेडमच्या चर्चच्या नोंदी बघतायत. त्या रेघेच्या जागी आडनाव बसवायचं आहे. त्यांचा निरोप आला की इकडे रात्र झालेली असते, म्हणून मी उत्तर सकाळी देतो.